फळ्यावरची सात नावं

आज दुपारी दुकानात एक ताई आल्या. दहावीतली लेक सोबत. सेंडऑफचा ब्लाऊज शिवायचाय म्हणाल्या. प्रिलिम संपली की आमच्याकडं हे गिऱ्हाईक ठरलेलं, त्यात नवीन काही नाही. पोरीनं मोबाईलवर डिझाईन दाखवलं. पाठीला डोरी, डोरीला लटकन, बाही कोपरापर्यंत आणि गळा आईला पटणार नाही एवढा मोठा. मी टेप लावून माप घेत होते, तेवढ्यात त्याच मोबाईलवर वरनं मेसेज आला आणि पोरीचं बोट लागून पालकांचा ग्रुप उघडला.

यादी होती. वर्गातल्या सगळ्या पोरांची नावं. ज्यांनी सेंडऑफचे पैसे भरले त्यांच्यापुढं हिरवी टिक. ज्यांनी भरले नाहीत त्यांच्यापुढं काहीच नाही. खाली "उर्वरित पालकांनी आज संध्याकाळपर्यंत सहकार्य करावे" आणि जोडलेले हात.

ताईंनी पटकन स्क्रीनवर अंगठा ठेवला. माझं लक्षच नव्हतं असं मी दाखवलं आणि वहीत छाती बत्तीसच्या जागी चौतीस लिहिली. जरा वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "ताई, अस्तर नाही घातलं तर किती कमी होतील?"

तेव्हापासून डोकं फिरलंय. दुकान लवकर बंद करून लिहायला बसलेय. ज्याला लांब वाटेल त्यानं पुढं सरकावं.

हिशोब ऐका. वर्गणी 1500. त्यात हॉल, डीजे, जेवण आणि एंट्रीला धूर. (धूर कशाला? पोरं दहावी सुटायलीत, चंद्रावरनं उतरायली नाहीत.) शिवाय मुलींनी सगळ्यांनी वाईन कलरचीच साडी नेसायची असं ठरलंय, म्हणजे ती नवीन घेणं आलं. वर ब्लाऊज. अस्तरासकट माझेच 600 होतात. मग केस, मेकअप, बांगड्या. पोरांचं वेगळंच, भाड्यानं ब्लेझर. एका संध्याकाळचे चार हजार कुठं जात नाहीत. आणि हे सगळं कशासाठी, तर सरांचं भाषण ऐकून परीक्षेला शुभेच्छा घ्यायला.

मला कळतं, कुणीतरी खाली लिहिणारच की दहावी आयुष्यात एकदाच असते. असते की. पोरं क्लास-शाळा-क्लास करून पिचलेली असतात, एक दिवस नाचली तर आभाळ कोसळत नाही. मला डीजेचाही एवढा राग नाही. खोटं बोलतेय, आहे. पण आजचा राग डीजेचा नाही, त्या हिरव्या टिकेचा आहे. कारण ती टिक मी ओळखते. ती मी केलेली आहे.

1996. आमची दहावी. मी वर्गाची मॉनिटर, अक्षर चांगलं म्हणून सुविचार आणि पटसंख्या रोज मीच फळ्यावर लिहायची. सेंडऑफची वर्गणी 20 रुपये. त्यातनं शाळेला भिंतीवरचं घड्याळ द्यायचं आणि उरलेल्यात बटाटवडा, चिवडा, पेढा. पैसे माझ्याकडं जमा व्हायचे, कंपासपेटीत. सातजणांचे राहिले. मी मधल्या सुट्टीत फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट केली आणि रंगीत खडूनं सात नावं लिहिली. "वर्गणी बाकी". खाली नागमोडी रेघ पण काढली.

सरांनी सांगितलं असतं तर निदान त्यांच्यावर ढकलता आलं असतं. कुणी सांगितलं नव्हतं. माझीच हुशारी.

चौथं नाव माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं होतं.

आता ज्यांना शाळेत साडी नेसल्याचं आठवतं त्यांना सांगायला नको, पण नव्या पोरींसाठी सांगते. तेव्हा साडी विकत घेत नव्हतो. आईची, काकीची, नाहीतर शेजारच्या वहिनींची. ब्लाऊज आईचा, अंगात दोघी मावतील एवढा ढगळ. माझ्या आईनं तिच्या ब्लाऊजला दोन्ही बाजूंनी आतनं लांब टाक्यांची कच्ची शिलाई मारून दिली होती. आत गेलेलं कापड कापायचं नाही. आम्ही शिंपी लोक त्या आतल्या कापडाला माया म्हणतो. कार्यक्रम झाला की टाके उसवायचे, ब्लाऊज परत आईचा. खर्च एक रीळ दोरा, तोही घरातला.

माझ्या त्या मैत्रिणीनं तर महिनाभर आधीच साडी ठरवून ठेवली होती. मावशीची, मोरपंखी. पदर कसा घ्यायचा ते ओढणीनं मला दाखवून झालं होतं. साडी तयार होती, ब्लाऊज तयार होता. अडलं होतं फक्त 20 रुपयांना. बाप मार्केट यार्डात हमाल, गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलायचा. घरात खाणारी तोंडं सात.

पुढच्या दोन दिवसांत नावं पुसली गेली. कुणी पैसे दिले की मी डस्टर घेऊन त्याचं नाव पुसायची, मोठ्या ऐटीत. शेवटी त्या चौकटीत एकच नाव राहिलं. ते कुणी पुसलं नाही आणि मीही नाही. सेंडऑफला ती आली नाही. नंतर हॉल तिकीट घ्यायला आली तेव्हा म्हणाली आई आजारी होती. मी म्हटलं, बरी आहे ना आता? बस्स, एवढंच.

आता कुणी म्हणेल तुमच्या वेळचं सगळं सोन्याचं. अजिबात नाही. आमचे फिशपाँड आठवतात का? कुणाच्या दातांवर, कुणाच्या रंगावर. पोरी बाथरूममध्ये जाऊन रडायच्या आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. आम्ही काही संत नव्हतो.

पण एक सांगते. सेंडऑफच्या आधीच्या डिसेंबरात गॅदरिंग झालं होतं, केशवराव भोसले नाट्यगृहात. माझी ही मैत्रीण कोळी नाचात पुढच्या रांगेत होती. साड्या शाळेच्या पेटीतल्या, डांबरगोळ्यांचा वास येणाऱ्या, सगळ्यांना सारख्याच. कुणाला एक रुपया मागितला नाही. काय नाचली होती! 2024 च्या 8 ऑगस्टला रात्री ते थिएटर जळायला लागलं तेव्हा सगळं कोल्हापूर हळहळलं. मला मात्र त्या धुरात पण तीच दिसली, डोक्यावर टोपली घेऊन.

म्हणजे करायचं म्हटलं की जमतं. त्या शाळेत जमत होतं.

आणि हे आपल्या गावात सांगावं लागतं! शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न घालणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. 1901 पासून जातीजातीच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी केली, का तर गावाकडनं आलेलं पोर पैशासाठी माघारी जाऊ नये. जयंतीला आपण फेटे बांधून मिरवणूक काढतो, स्टेटसला महाराजांचा फोटो ठेवतो, आणि त्याच फोनवर ती यादी टाकतो. तेव्हा शाळेत न पाठवल्याचा दंड होता, आता पाठवल्याचा आहे. लाज वाटत नाही का रे?

…चहा घेऊन आले. वरचं जरा जास्त झालं असेल. राहू दे.

खरं सांगायचं तर त्या ग्रुपवाल्या बाईंचा मला राग येत नाही आता. त्यांना कुणाचा अपमान करायचा नसणार. हॉलवाला ॲडव्हान्स मागतोय, डीजेवाला फोन करतोय, हिशोब लागत नाही, म्हणून टाकली यादी. मला पण हिशोबच लावायचा होता. कंपासपेटीतले 20-20 रुपये मोजून झोप लागायची नाही मला. वाईट मनानं मी खडू उचलला नव्हता. म्हणूनच लिहायलेय, की हे चांगल्या मनाची माणसं करतात आणि मग तीस वर्षं उरतं.

यादी करा, पण वहीत करा. पैसे पाकिटात घालून वर्गशिक्षकांच्या हातात द्या, कुणाचे किती ते त्यांनाच माहीत. ज्याला जमतं त्यानं दोन पोरांचे भरावेत आणि गप बसावं. त्याचाही मेसेज टाकू नये. साडी घरातली. एवढं काय अवघड आहे?

माझ्यावर उलटणारच कुणीतरी, की बाई तुझाच तर धंदा चालतो यावर. चालतो. या पंधरा दिवसांत चाळीसेक ब्लाऊज जातात माझ्या हातातनं, त्यातनं माझ्या पोराच्या कॉलेजची फी निघते. बोला.

चार-पाच वर्षांमागं कपिलतीर्थ मार्केटात ती मैत्रीण भेटली. भाजी घेत होती. गप्पा झाल्या, पोरांचं काय, सासूचं काय. जाताना हसत म्हणाली, "तुझं अक्षर अजून तसंच आहे काय गं? माझं नाव तेवढं चांगलं परत कुणी काढलं नाही बघ." आणि गेली. टोमणा होता का खरंच म्हणाली, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तिथंच उभी राहून दुसऱ्यांदा कोथिंबीर घेतली.

आज मी त्या ताईंना म्हटलं, तुमचीच एखादी साडी-ब्लाऊज घेऊन या. कच्ची शिलाई मारून देते, डोरी-लटकन वरनं लावते, पैसे नकोत. ताईंचा चेहरा खुलला. चिंतामणी रंगाची आहे म्हणाल्या, लग्नातली, एकदाच नेसलेली. पोर खाली बघत होती. मग म्हणाली, "काकू, सगळ्या वाईन नेसणार आहेत. मी एकटीच निळी?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आईकडंही नव्हतं. "बघू, ह्यांचा पगार झाला की वाईनच घेऊ," म्हणाल्या आणि दोघी पायऱ्या उतरल्या.

कार्यक्रम शुक्रवारी आहे. वहीत माप आहे, चौतीस खोडून बत्तीस केलंय. कापड अजून आलेलं नाही.