सल्लागार कमिशनला अधिकार नाही, मग उपयोग काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

वय आणि नोकरी तुम्हीच लिहिलीत, म्हणून काका म्हणतेय. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं सांगते. मागच्या लेखात मी इथल्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या, शहरांच्या नागरिक सल्लागार कमिशनांबद्दल, म्हणजे शहराच्या निवडून आलेल्या कौन्सिलला सल्ला द्यायला नेमलेल्या नागरिकांच्या समित्यांबद्दल, लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की पुण्याच्या महापालिकेत तीस वर्षं काढल्यावर ‘समिती’ या शब्दावरचा तुमचा विश्वास उडालाय. ज्यांच्याकडे सही नाही आणि पैसा नाही, त्यांनी महिन्यातून एकदा बसून बोलायचं हा वेळकाढूपणा आहे. कौन्सिलला जे करायचं तेच कौन्सिल करतं, वर ‘नागरिकांना विचारलं’ असा शिक्काही मिळवतं. कमिशनवालेही कौन्सिलचीच री ओढतात. आणि अशा कमिशनांवर रिकामा वेळ असलेलेच लोक जातात.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो खरा आहे. मी चार वर्षं आमच्या शहराच्या एका कमिशनवर होते. बैठक संध्याकाळी सातला, मानधन शून्य. सात सदस्यांपैकी घरात लहान मूल असलेली मी एकटी, आणि भाड्याच्या घरात राहणारं कुणीच नाही. दुसऱ्या पाळीत काम करणारा माणूस तिथे येणार कसा? मूळ लेखात मी हे लिहायला हवं होतं, राहून गेलं.

पण ‘अधिकार नाही म्हणजे उपयोग नाही’ हे मला पटत नाही. एक उदाहरण देते.

आमच्या कौन्सिलने एका वर्षी जे अग्रक्रम ठरवले, त्यात एक होता ‘सुरक्षित रस्ते’. दोन शब्द. याला विरोध कोण करेल? पण नुसत्या दोन शब्दांवर कुठला इंजिनीअर काय करणार? तो विषय आमच्या कमिशनकडे आला. त्या बैठकीला एक आजोबा आले होते, मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेले. लायब्ररीसमोरचा रस्ता ओलांडताना दुभाजकापर्यंत पोचतो तोच गाड्या सुटतात, असं त्यांनी सांगितलं. हातात कागद होता, त्यावर पाच दिवसांचे सेकंद लिहिलेले. नागरिकांना बोलायला तीन मिनिटं असतात. त्यांनी दीडच घेतली.

स्टाफने सांगितलं, सिग्नलची वेळ नियमाप्रमाणेच आहे. खरंच होती. पायी चालणाऱ्याचा वेग सेकंदाला ३.५ फूट धरतात. पण कॅलिफोर्नियाच्या त्याच नियमपुस्तकात असंही आहे की जिथे वयस्कर किंवा अपंग लोकांची नेहमीची ये-जा असते, तिथे २.८ फुटांचा विचार करावा. नव्वद फुटांच्या रस्त्याला पहिल्या हिशोबाने सव्वीसेक सेकंद मिळतात, दुसऱ्याने बत्तीस. सहा सेकंदांचा फरक. सत्तरीच्या माणसाला ती सहा सेकंदं म्हणजे पलीकडचा फुटपाथ.

आमच्या कमिशनने शिफारस केली ती एवढीच: लायब्ररी, ज्येष्ठ नागरिक केंद्र आणि दवाखान्याजवळच्या सिग्नलना २.८ लावा. कौन्सिलने ती मान्य केली. सही त्यांची, पैसा त्यांचा. पण ‘सुरक्षित रस्ते’ म्हणजे कुठला चौक आणि किती सेकंद, हे कौन्सिलच्या सात माणसांना सुचलं नसतं. ते वाईट आहेत म्हणून नव्हे. त्यांच्या एका रात्रीच्या अजेंड्यावर घरबांधणी, पोलिसांचं बजेट आणि सांडपाण्याचे दर असे तीन डोंगर असतात. चौकात उभं राहायला त्यांच्याकडे वेळ नसतो. आमच्याकडे होता.

तुम्ही म्हणाल, ही किरकोळ गोष्ट झाली. मग बर्कलीचं उदाहरण घ्या, त्यात पैसाही आहे.

४ नोव्हेंबर २०१४ रोजी खाडीच्या दोन बाजूंच्या बर्कली आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांत साखरेच्या पेयांवरच्या कराचं मतदान झालं. सॅन फ्रान्सिस्कोत कराचा पैसा कशावर खर्च होणार हे कायद्यातच बांधून टाकलं होतं. कॅलिफोर्नियात असा बांधलेला कर मतदारांसमोर गेला की दोन तृतीयांश मतं लागत. पंचावन्न टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं आणि तरीही कर पडला. बर्कलीने दुसरा रस्ता धरला. औंसाला एक सेंट कर, पण पैसा सरळ शहराच्या सर्वसाधारण तिजोरीत. त्याला साधं बहुमत पुरतं, मिळाली सुमारे शहात्तर टक्के मतं. देशात असा कर लावणारं बर्कली हे पहिलं शहर.

पण सर्वसाधारण तिजोरीत गेलेला पैसा फुटपाथवरही जाऊ शकतो आणि पगारांतही. मतदारांनी विश्वास कशावर ठेवायचा? बर्कलीने त्याच कायद्यात नऊ तज्ज्ञांचं सल्लागार मंडळ घातलं. पैसा कुठल्या आरोग्य कार्यक्रमांना द्यावा हे मंडळाने सुचवायचं. कौन्सिलने त्याचा विचार केलाच पाहिजे, मानलंच पाहिजे असं नाही. मात्र कुठली शिफारस कितपत अमलात आणली, हे कौन्सिलने मंडळाला दरवर्षी कळवायचं. काका, अधिकार नसण्याचा इथे उपयोगच झाला. मंडळाला पैसा बांधण्याचा हक्क दिला असता तर त्याला दोन तृतीयांशांची अट लागण्याचा धोका होता. पुढे त्यातून शाळांमधल्या स्वयंपाक आणि बागकामाच्या उपक्रमाला पैसा मिळाला. सॅन फ्रान्सिस्कोनेही २०१६ मध्ये हाच मार्ग घेतला, सोबत सल्लागार समिती, आणि त्या वेळी कर पास झाला.

या सगळ्यातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा शब्द म्हणजे ‘कळवायचं’. नाही म्हणायचा हक्क कौन्सिलला आहेच, तो निवडून आलेल्यांचाच असायला हवा. पण ते नाही उघडपणे, सगळ्यांसमोर म्हणावं लागतं. सनीवेल या इथल्याच एका शहरात कमिशन ‘स्टडी इश्यू’ सुचवतं. म्हणजे अमुक प्रश्नाचा शहराने अभ्यास करावा, असा प्रस्ताव. स्टाफ त्यावर टिपण लिहितो, किती काम पडेल याचा अंदाज देतो, कमिशन आपल्या प्रस्तावांना क्रम लावतं आणि वर्षाच्या सुरुवातीला कौन्सिल सगळ्यांचे प्रस्ताव समोर ठेवून काय घ्यायचं, काय पुढे ढकलायचं, काय काढून टाकायचं हे ठरवतं. काढून टाकलं तरी ते कागदावर राहतं.

यामागे १९५३ चा ब्राउन अ‍ॅक्ट, म्हणजे कॅलिफोर्नियाचा खुल्या बैठकांचा कायदा, आहे. सल्लागार कमिशनांनाही तो कौन्सिलइतकाच लागू आहे. नियमित बैठकीचा अजेंडा ७२ तास आधी लावायचा, त्यात नसलेल्या विषयावर निर्णय नाही, लोकांना बोलू द्यायचं. बहुसंख्य सदस्यांनी बाहेर परस्पर, अगदी ईमेलच्या साखळीतूनही, विषय ठरवायचा नाही. मी एकदा सहकाऱ्यांना साधा लेख पाठवताना सगळ्यांना एकत्र पाठवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सिटी क्लार्कचा, म्हणजे शहराचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकारी बाईंचा, फोन. त्या बाईंनी शांतपणे समजावून सांगितलं की यावर कुणी ‘उत्तर सर्वांना’ दाबलं तर ती बेकायदा बैठक होऊ शकते. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, त्यांचं बरोबर होतं.

‘कौन्सिलचीच री ओढता’ हा तुमचा आरोप. कामाची वार्षिक यादी कौन्सिलच्या अग्रक्रमांना धरून करावी लागते, हे खरं. मला ते योग्यही वाटतं. मला कुणी निवडून दिलेलं नव्हतं, नेमलं होतं. आमच्याच कमिशनने एकदा तीन बैठका अशा विषयावर घालवल्या की जो शहराच्या हद्दीतच नव्हता, काउंटीचा (इथल्या जिल्ह्याचा) होता. स्टाफचे तास गेले, हाती काही आलं नाही. री ओढणं वेगळं आणि दिलेला विषय तडीला नेणं वेगळं. आम्ही कौन्सिलला न आवडणाऱ्या शिफारशीही केल्या. रविवारी लायब्ररी संध्याकाळपर्यंत उघडी ठेवा, असं दोनदा लिहिलं. दोन्हीदा नाही आलं, कारण पैसे. ती अजूनही रविवारी दुपारीच बंद होते. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता पुण्याबद्दल. तुम्ही तिथल्या अनुभवावरून बोलताय आणि तो मी नाकारत नाही. ७४ वी घटनादुरुस्ती १९९२ ची, तीन लाखांवर वस्तीच्या शहरांना प्रभाग समित्या त्यातूनच आल्या. स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सभासद त्यांत घेता येतात. २००९ मध्ये राज्याने क्षेत्र सभांची, म्हणजे प्रभागातल्या मतदारांच्या सभांची, तरतूद केली, ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं प्रशासकच होता. ज्याला सल्ला द्यायचा ते सभागृहच नसेल, तर सल्लागार काय करणार? तुमचा राग मला तिथे कळतो.

तरी २००६-०७ पासून पुण्यात नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून पाच लाखांपर्यंतचं काम सुचवता येतं. माझ्या आईने कोथरूडहून असा एक अर्ज दिला होता, बसथांब्याजवळ बाकांसाठी. त्याचं पुढे काय झालं हे तिला कुणी कळवलं नाही. बाक आले नाहीत, त्यापेक्षा हे तिला जास्त लागलं.

म्हणून तुम्हालाच विचारते, कारण तुम्ही टेबलाच्या पलीकडे तीस वर्षं बसलेले आहात. असा अर्ज आल्यावर तो कुणाकुणाच्या हातून जातो? नाकारला तर कारण लिहिलं जातं का, आणि लिहिलं जात असेल तर ते अर्जदारापर्यंत पोचवायचं काम कुणाचं? कृपया सविस्तर लिहा. तुमचं उत्तर मी इथे स्वतंत्र लेख म्हणून लावीन.