चष्म्याला पण जामीन लागतो व्हय?

आज दाजींच्या मुलाखतीला, म्हणजे जेलातल्या भेटीला, गेलतो. कुठल्या जेलात ते विचारू नका, दाजींना अजून तिथंच राहायचंय. त्यांचा चष्मा बराकीत कुणाच्यातरी पायाखाली गेला, म्हणून महाद्वार रोडवरनं नवीन करून नेला. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "लोखंडी फ्रेम चालत नाही." पिशवीतनं प्लास्टिकची काढली, आम्ही काय आज पहिल्यांदा जातोय? मग, "काच आहे." अहो, चष्म्यात काच नाही तर काय पापड घालू? ती पण फायबरचीच होती, कट्ट्यावर आपटून दाखवली. तर म्हणे, "जेलच्या डॉक्टरचा कागद आणा." डॉक्टर आत, कागद आत, दाजी आत! मी काय भिंतीवरनं उडी मारू?

२०२० ला तळोजा जेलात एल्गार परिषद प्रकरणात आत असलेल्या कार्यकर्ते गौतम नवलखांच्या चष्म्याचं हेच झालतं. घरनं आलेलं पार्सल घेतलंच नाही. मुंबई हायकोर्ट म्हणालं, माणुसकी महत्त्वाची, जेल अधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्यायची वेळ आली. घेतली असली तर चहा-बिस्किट आणि ग्रुप फोटोवरच उरकली असणार.

आणि ती मुलाखत तरी काय! काचेपलीकडं माणूस, रिसीव्हरमध्ये नुसती खरखर. शेवटी ओरडून बोललो, अख्ख्या रांगेला आमच्या वाटणीचं भांडण पाठ झालं. मागच्या तारखेला दाजींना कोर्टात आणलंच नाही, का तर सोबत न्यायला पोलीस पार्टी मिळाली नाही. मंत्र्याच्या बंदोबस्ताला बरे पोलीस मिळतात!

नव्या फौजदारी कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम ४७९ आहे. पहिल्यांदाच आत गेलेल्यानं कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला की जामिनाची सोय, आणि अर्ज जेल अधीक्षकानंच कोर्टाला करायचा. जिथनं चष्मा आत जात नाही तिथनं अर्ज बाहेर येणार, बघत बसा.

वर गल्लीतले शहाणे: "काहीतरी केल्याशिवाय आत घालतात व्हय?" देशात दर चार कैद्यांत जवळपास तीन कच्चे हायेत, गुन्हा शाबीतच नाही. पण यांचा निकाल कट्ट्यावर कधीच लागलाय.

खिडकीवर मी आवाज चढवत चढवत घटनेतल्या जगण्याच्या हक्काच्या कलम २१ पर्यंत पोचलो होतो. मागनं हवालदारानं विचारलं, "काय झालं?" तोंडातनं आलं, "काय न्हाई साहेब, चालू द्या." ताईला मात्र सांगितलंय, चांगला दम भरून आलो म्हणून.

कच्च्या कैद्याला मत देता येत नाही, पण आमदारकी लढवता येते. मग दाजींनाच उभं करूया. डिपॉझिट कुणी भरायचं ते तालमीत ठरवा.