‘दोन थेंब तेल सोडा’ म्हणणाऱ्या वाचकाला

पेडलवरून पाय उचलला तरी इंजिनाचा वेग उतरत नाही, म्हणजे रेस अडकते, तेव्हा पेडलपासून इंजिनाकडे जाणारी केबल तपासा आणि खराब असेल तर बदला, असा माझा लेख होता. त्यावरची आपली प्रतिक्रिया वाचली. “रेस अडकली की केबलमध्ये दोन थेंब तेल सोडायचं, विषय संपला. घरबसल्या मेकॅनिक होऊन लोकांना केबल बदलायला लावू नका,” असं आपण म्हणता. मतभेदाला माझी ना नाही. पण ‘घरबसल्या’ कशाला? चिपळूणला वडिलांचं गॅरेज होतं. शाळेतून आलो की दप्तर टाकून मी त्यांना दहा नंबरचा पाना शोधून देत असे. इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणाऱ्या कार्बोरेटरच्या मारुती ८०० आमच्या दारात रांगेने उभ्या असायच्या. तेव्हा आपण कुणाचं बोनेट उघडत होतात, हे विचारत नाही.

आता तेलाकडे येतो. लेखातली पहिलीच तपासणी तुम्ही गाळलेली दिसते. इंजिन बंद ठेवून केबलचं टोक कार्बोरेटरच्या लिव्हरवरून सोडवा, लिव्हर हाताने फिरवून सोडून द्या. खटकन मागे आली तर स्प्रिंग आणि बटरफ्लाय (कार्बोरेटरमधली हवेची झडप) ठीक, दोष केबलमध्ये नाहीतर पेडलपाशी. रेंगाळत आली तर केबलचा संबंधच नाही. मग तेल नक्की कुठे सोडायचं म्हणता?

बरं, दोष केबलचाच निघाला असं धरू. कोकणातल्या पावसात आतली तार गंजते आणि आउटरला (तारेवरच्या बाहेरच्या नळीला) जिथे वळण आहे तिथे तिचे पदर एकेक करून तुटू लागतात. तुटलेला पदर बाहेर वळून आउटरमध्ये रुततो, पाय उचलला तरी तार जागची हलत नाही. तेलाने गंज जरा सुटेल, चार दिवस पेडल हलकं वाटेल. पदर काही जोडला जाणार नाही. वर तेलावर धूळ बसून काळा लगदा होतो तो वेगळाच. वडील काढलेली तार पोराला चिमटीतून ओढायला लावायचे. कुसळासारखा पदर बोटात गेला की ‘तेल घालून बघू का’ हा प्रश्न पुन्हा येत नसे. कुंभार्ली घाटात ज्याची रेस अडकलीय, तो केबलचे पैसे वाचवायला जात नाही हो.

रबरी मॅट सरकून पेडल अडकतं, हे लेखात यायला हवं होतं, असं तुम्ही म्हणता. मान्य. टोयोटाने २००९ मध्ये अमेरिकेत मॅटपायीच लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या. एवढं श्रेय तुमचं.

बाकी इतर मुद्द्यांत मी शिरत नाही. लेख केबलवर होता.

“चालत्या गाडीत चावी फिरवायला सांगता, स्टिअरिंग लॉक होईल” हा आरोप मात्र सरळ खोटा आहे. ‘क्लच दाबा, गियर काढा, ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा, गाडी थांबली की इंजिन बंद करा’, असं मी लिहिलंय. एकदाच का, तेही तिथेच आहे: रेस पूर्ण उघडी असताना इंजिनाकडून व्हॅक्युम (हवेची ओढ) मिळत नाही, ब्रेक पंप करत बसलात तर ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमधला त्याचा साठा संपतो. टीका करायला वेळ होता, चार ओळी वाचायला नव्हता?

आणि तेल घातल्यावर तुमची गाडी किती महिने नीट चालली, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. ते लिहा, नाहीतर तार बाहेर काढून फोटो टाका.