रिकॉम्बिनंट लस टोचली म्हणून मासा ‘जीएम’ होत नाही

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की शेततळ्यातल्या माशांना रिकॉम्बिनंट लस (जंतूचं एखादं प्रोटीन लॅबमध्ये बनवून केलेली लस) टोचतात त्याने त्यांचे जीन बदलतात, म्हणजे मासा ‘जीएम’ (जीन बदललेला) होतो, माशांना तशीही इम्युनिटी नसते, त्यापेक्षा खाद्यातून अँटिबायोटिक दिलेलं बरं. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

आधी जीनचं बघू. जीन घालतात तो लॅबमधल्या ई. कोलाय नावाच्या बॅक्टेरियात, माशात नाही. एरोमोनाससारख्या, माशांना रोग करणाऱ्या बॅक्टेरियाच्या बाहेरच्या आवरणातलं एखादं प्रोटीन निवडायचं, त्याचा जीन प्लाझमिडवर (डीएनएच्या छोट्या कड्यावर) बसवून ई. कोलायमध्ये घालायचा, मग त्या पेशी ते प्रोटीन बनवतात, पेशी फोडून निकेलच्या कॉलममधून (हवं ते प्रोटीन पकडून ठेवणाऱ्या नळीतून) ते वेगळं काढायचं. बऱ्याचदा प्रोटीनच्या गुठळ्या होतात, त्या युरियात विरघळवून प्रोटीनची घडी, म्हणजे मूळ आकार, परत नीट बसवावी लागते, खरा घाम तिथे निघतो. शेवटी माशाला मिळतं ते शुद्ध केलेलं प्रोटीन आणि सोबत अॅडज्युव्हंट (लसीचा परिणाम वाढवणारा पदार्थ), माशाचा डीएनए होता तसाच राहतो. हिपॅटायटिस बी ची लस १९८६ पासून याच तत्त्वावर यीस्टमध्ये बनतेय आणि ती जगभर तान्ह्या बाळांना देतात.

इम्युनिटी नसते म्हणे! माशांना बोन मॅरो नसतो हे खरं, पण रक्ताच्या आणि इम्युनिटीच्या पेशी बनवायचं ते काम हेड किडनी (किडनीचा डोक्याकडचा भाग) करते आणि अँटिबॉडीही बनतात. फक्त मासा थंड रक्ताचा, म्हणून पाणी गार असेल तर वेळ जास्त लागतो. गार पाण्यात लस दिली, आठवड्यात रोग आला आणि लस फेल म्हणून मोकळे झाले, असं नका करू.

अँटिबायोटिकचा मुद्दा तर मला सगळ्यात धोकादायक वाटतो. आजारी मासा खाणंच सोडतो, म्हणजे औषध जातं धडधाकट माशांच्या पोटात आणि उरलेलं तळाच्या गाळात, तिथे औषधाला दाद न देणारे (रेझिस्टंट) बॅक्टेरिया तयार होतात. नॉर्वेत १९८७ च्या सुमारास सॅमनसाठी वर्षाला जवळपास ५० टन अँटिबायोटिक लागायचं, लसी आल्यावर उत्पादन कितीतरी वाढूनही तो वापर नगण्य झाला. त्या लसी मारलेल्या अख्ख्या बॅक्टेरियाच्या होत्या, रिकॉम्बिनंट नव्हत्या, हेही सांगायला हवं. पण एरोमोनास हायड्रोफिला या बॅक्टेरियाचे स्ट्रेन (उपप्रकार) इतके वेगवेगळे, की एका स्ट्रेनची लस दुसऱ्यावर चालेलच असं नाही, म्हणून सगळ्यांत सारखं असलेलं प्रोटीन शोधायची ही धडपड चाललीय.

शंका घ्यायचीच तर खऱ्या अडचणींवर घ्या: नुसत्या प्रोटीनने इम्युनिटी पुरेशी येत नाही, एकेक मासा हातात धरून टोचणं महाग पडतं. आणि कोणी ‘७५ टक्के संरक्षण’ म्हटलं तर चॅलेंज टेस्टमध्ये (माशांना मुद्दाम रोग लावून बघतात त्यात) लस न दिलेले किती मेले ते आधी विचारा. बिनलसवाले ८० टक्के आणि लसवाले २० टक्के मेले तर हिशोब ७५ येतो (८० पैकी ६० वाचले), पण बिनलसवाले २० आणि लसवाले ५ टक्के मेले तरी ७५ च येतो, आणि दुसऱ्या टेस्टमध्ये रोगच नीट लागलेला नसतो.