टीव्हीवर पाहिलेलं 'जसंच्या तसं' आठवतं? घड्याळ लावून बघा

नोव्हेंबर अर्धा सरला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, सार तेच: "२६/११ च्या रात्री तुम्ही कुठे होता? बघा, लगेच आठवलं ना! असा धक्का बसला की मेंदू त्या क्षणाचा फोटो काढून ठेवतो. परवा काय जेवलो ते विसराल, पण ११ सप्टेंबर आणि २६/११ टीव्हीवर पाहतानाचा क्षण मरेपर्यंत जसाच्या तसा राहतो. सगळ्यांना आठवतो, म्हणजे खोटा कसा असेल? हे विज्ञानाने सिद्ध झालंय. तुमची आठवण कमेंटमध्ये लिहा."

लगेच आठवतं, हे खरं. त्यापुढचं एकेक वाक्य हातात घेऊन बघू.

"मेंदू फोटो काढून ठेवतो." ही कल्पना हवेतून आलेली नाही. १९७७ साली हार्वर्डच्या रॉजर ब्राऊन आणि जेम्स कुलिक यांनी ८० अमेरिकनांना विचारलं, की राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येची बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता, कोणी सांगितलं, पुढे काय केलंत? हत्या १९६३ ची, म्हणजे मध्ये तेरा-चौदा वर्षं गेलेली. तरी ८० पैकी ७९ जणांनी तपशीलवार सांगितलं. ब्राऊन-कुलिक यांनी अशा आठवणीला 'फ्लॅशबल्ब मेमरी', म्हणजे कॅमेऱ्याचा फ्लॅश उडावा तशी आठवण, असं नाव दिलं आणि ते लोकप्रिय झालं. गोची एवढीच, की लोकांनी सांगितलेलं खरं होतं का, हे त्यांनी तपासलंच नव्हतं. तपासणार तरी कशाशी? १९६३ साली त्या माणसांनी काय सांगितलं असतं, याची नोंद कुणाकडे नव्हती. फिरणारा मजकूर १९७७ मध्येच थांबलाय. संशोधन थांबलं नाही.

"आठवण इतकी लख्ख आहे, म्हणजे खरीच." सगळ्यांत जास्त पसरलेला गैरसमज हाच, म्हणून इथे जरा थांबतो.

२८ जानेवारी १९८६ ला 'चॅलेंजर' हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत हवेतच फुटलं. सात जण गेले, त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळेतली शिक्षिका होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अटलांटाच्या एमरी विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ अल्रिक नायसर आणि त्यांची सहकारी निकोल हार्श यांनी १०६ विद्यार्थ्यांना कागद वाटले: बातमी कशी कळली, कुठे होता, सोबत कोण होतं, लिहा. कागद गोळा केले आणि ठेवून दिले. अडीच-पावणेतीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना गाठून तेच प्रश्न पुन्हा विचारले.

एका विद्यार्थिनीने पहिल्या दिवशी लिहिलं होतं, की ती धर्म या विषयाच्या तासाला वर्गात होती, काही जण आत आले आणि त्याविषयी बोलायला लागले, मग खोलीवर जाऊन तिने टीव्ही लावला. नंतर विचारलं तेव्हा तिने सांगितलं, की ती हॉस्टेलच्या खोलीत रूममेटबरोबर टीव्ही बघत बसली होती आणि अचानक न्यूज फ्लॅश आला. वर्ग गायब, तास गायब, बोलणारी मुलं गायब. आणि ती एकटी नव्हती. नंतरचं उत्तर जुन्या कागदाशी किती जुळतं याला ७ पैकी गुण दिले तेव्हा ४४ जणांची सरासरी तीनच्याही खाली आली. ११ जणांना शून्य मिळालं, तर पैकीच्या पैकी फक्त तिघांना. मुख्य म्हणजे शून्यवाल्यांपैकी बरेच जण छातीठोकपणे सांगत होते. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद दाखवला, तरी 'अरे हो, असंच झालं होतं' असं कुणाला वाटलं नाही. मूळ आठवण झाकली गेली नव्हती, ती उरलीच नव्हती.

याच अभ्यासातला एक आकडा टीव्हीबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने जवळ ठेवावा. घटनेच्या दुसऱ्या दिवशी 'बातमी मला पहिल्यांदा टीव्हीवरून कळली' असं म्हणणारे होते साधारण २१ टक्के. पुढे तेच प्रमाण ४५ टक्क्यांवर गेलं. टीव्ही मागाहून आठवणीत शिरला. आणि ते स्वाभाविकच आहे, कारण कुणाच्या तरी तोंडून ऐकल्याचा क्षण एकदाच येतो, ती धुराची दुभंगलेली रेघ मात्र टीव्हीने शेकडो वेळा दाखवली.

"टीव्हीवर लाइव्ह पाहिलंय, त्यात चूक कशी होईल?" होते, आणि भल्याभल्यांची होते. ४ ऑक्टोबर १९९२ ला अ‍ॅमस्टरडॅमच्या बैल्मरमेर भागात एल अल कंपनीचं मालवाहू विमान अकरा मजली इमारतींवर कोसळलं. दहा महिन्यांनी हान्स क्रोम्बाख आणि सहकाऱ्यांनी डच लोकांना विचारलं, विमान इमारतीवर आदळतानाचं टीव्हीवरचं चित्रण तुम्ही पाहिलं होतं का? निम्म्याहून अधिक, म्हणजे ५५ टक्के, 'हो' म्हणाले. विमान कुठल्या कोनात आलं, आग कधी लागली, हेही बऱ्याच जणांनी सांगितलं. असं चित्रण अस्तित्वातच नाही. कॅमेरे पोचले ते नंतर.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांचंही तेच झालं. ११ सप्टेंबर २००१ ला ते फ्लोरिडातल्या सॅरासोटा इथल्या एका शाळेत होते. डिसेंबरमध्ये एका जाहीर सभेत ते म्हणाले, की वर्गात जाण्याआधी बाहेरच्या टीव्हीवर मी विमान टॉवरवर आदळताना पाहिलं आणि मनात म्हटलं, काय भयंकर पायलट आहे. पण पहिलं विमान आदळताना कुठल्याच वाहिनीने लाइव्ह दाखवलं नव्हतं. ते चित्रण अग्निशामक दलासोबत फिरणाऱ्या एका फ्रेंच माहितीपटकाराच्या कॅमेऱ्यात होतं आणि ते नंतर बाहेर आलं. बुश यांना पहिल्या विमानाची बातमी सहाय्यकांनी तोंडी दिली होती. या एका वाक्यावर, प्रत्येक घटनेमागे कट शोधणाऱ्यांनी 'त्यांना आधीच माहीत होतं' असे इमले रचले, ते अजून पडलेले नाहीत.

आता आपल्याकडे या. "कसाबला सीएसटीवर गोळ्या झाडताना आम्ही लाइव्ह पाहिलं," हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीतही ऐकलंय. आपण पाहिलं ते सेबॅस्टियन डिसोझा या वृत्तपत्र छायाचित्रकाराने टिपलेलं स्थिर छायाचित्र आणि पुढे प्रसिद्ध झालेलं सीसीटीव्हीचं चित्रण. हेमंत करकरे हेल्मेट आणि जॅकेट चढवतानाचं दृश्य त्या बुधवारी रात्रीचं. नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरले ते शुक्रवारी सकाळी, २८ तारखेला. ताज मोकळं झालं शनिवारी सकाळी. टीव्हीसमोर काढलेले हे अडीच दिवस अनेकांच्या आठवणीत एकाच रात्रीत मावतात, आणि त्या रात्रीत हेलिकॉप्टरही असतं. उलट, 'त्या दिवशी मॅच होती' असं ज्यांना आठवतं त्यांना एक बाहेरचा आधार आहे. कटकला भारत-इंग्लंड सामना खरोखरच होता आणि भारताने तो ६ गडी राखून जिंकला होता. आठवण पडताळायची तर असा आधार शोधावा लागतो.

सगळ्यांत स्वस्त आधार घड्याळाचा. न्यूयॉर्कला पहिलं विमान सकाळी ८.४६ ला आदळलं, तेव्हा भारतात संध्याकाळचे ६.१६ झाले होते. दुसरं विमान ६.३३ ला, आणि आठ वाजायच्या आत दोन्ही टॉवर जमीनदोस्त. माझी एक मामेबहीण, तेव्हा सातवीत, शपथेवर सांगते की सकाळी शाळेला निघताना शेजारच्यांकडे टीव्हीवर टॉवर पडताना पाहिला.

"ताई, आपल्याकडे तेव्हा संध्याकाळ होती गं."

"मग क्लासला निघाले असेन. पण पाठीवर दप्तर होतं, ते पक्कं आठवतंय मला."

दप्तर बहुधा १२ तारखेचं. त्या सकाळीही तीच दृश्यं चालू होती आणि शाळाही होती. पण मला गंमत वाटली ती दुरुस्तीची. तीन सेकंदांत सकाळची संध्याकाळ झाली, शाळेचा क्लास झाला, आणि खात्री तसूभरही कमी झाली नाही. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत मात्र खरीच सकाळ होती. त्यांच्या गोष्टी इतक्या वर्षांत फोनवर ऐकून ऐकून इकडच्या किती आठवणींत ती सकाळ मिसळली असेल, कोण जाणे.

"सगळ्यांना आठवतं, मग खोटं कसं?" सगळ्यांना सारखं आठवतं ते सगळ्यांनी एकच फुटेज पाहिलंय म्हणून. पुढे.

"विज्ञानाने सिद्ध झालंय." १२ सप्टेंबर २००१ ला ड्यूक विद्यापीठात जेनिफर टालारिको आणि डेव्हिड रुबिन यांनी ५४ विद्यार्थ्यांकडून दोन आठवणी लिहून घेतल्या. एक हल्ल्याची बातमी कळल्याची, दुसरी त्याच सुमाराची कुठलीतरी साधी. पुढे काहींना आठवड्याने, काहींना सहा, तर काहींना ३२ आठवड्यांनी पुन्हा विचारलं. दोन्ही आठवणी सारख्याच वेगाने झिजल्या होत्या. फरक एकच: साध्या आठवणीवरचा विश्वासही तिच्याबरोबर कमी झाला, हल्ल्याच्या आठवणीवरचा तसाच राहिला. विल्यम हर्स्ट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या हजारो लोकांचा दहा वर्षं पाठपुरावा केला, त्यात दिसलं की मोठी पडझड पहिल्या वर्षात होते. नंतर गोष्ट स्थिरावते, आणि शिरलेल्या चुकाही तिच्यातच राहून पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात. कुठे होतो, हे तुलनेने बरं टिकतं. तेव्हा आपल्याला काय वाटलं होतं, हे सगळ्यांत वाईट.

याचा अर्थ 'आठवण म्हणजे सगळी भंकस' असाही नाही. हे वाचून तसं म्हणायला निघालेल्यांना डेन्मार्ककडे पाठवावं लागेल. डॉर्थे बर्न्टसेन आणि डॉर्थे थॉमसेन यांनी सत्तरी ओलांडलेल्या डॅनिश लोकांना १९४० च्या जर्मन आक्रमणाबद्दल आणि १९४५ च्या मुक्तीबद्दल विचारलं. त्या दिवशी हवा कशी होती, वार कोणता, मुक्तीची घोषणा रेडिओवर कधी झाली? उत्तरं जुन्या नोंदींशी ताडून पाहिली. साठएक वर्षं उलटूनही बरीचशी बरोबर निघाली, आणि ज्यांचा प्रतिकार चळवळीशी संबंध होता त्यांची अधिक. ज्याच्या आयुष्यावर घटना थेट आदळली त्याची आठवण आणि सोफ्यावर बसून पाहणाऱ्याची आठवण, ही एका मापाने मोजू नयेत. कामा हॉस्पिटलमध्ये त्या रात्री ड्यूटीवर असलेली नर्स आणि आपण एका रांगेत बसत नाही.

राहिलं कमेंटमध्ये लिहायचं. जरूर लिहा. फक्त खाली कुणी वेळ किंवा वार चुकवला की लगेच "खोटं बोलतोय" म्हणून तुटून पडणारे असतात, त्यांनी आधी आपली आठवण कागदावर उतरवून त्या दिवसाच्या वेळांशी आणि वारांशी ताडून पाहावी. आणि तिच्यात २६ तारखेच्या रात्री हेलिकॉप्टर निघालं, तर समोरच्याला उत्तर देण्याची घाई करू नये.