हेलियम-३ पडलेला नाही, मुरलेला आहे

फॅमिली ग्रुपवर मामांनी परवा पुन्हा तोच मेसेज टाकला: चंद्रावर हेलियम-३ नुसता पडलाय, २५ टन आणला की अख्ख्या अमेरिकेला वर्षभर वीज, किरणोत्सर्ग शून्य, आणि आपलं चांद्रयान त्यासाठीच गेलं होतं. खाली तिरंग्यांची रांग. मामांशी तोंडावर वाद घालायची माझी छाती नाही, म्हणून इथे लिहिते.

हेलियम-३ म्हणजे हेलियम वायूचाच एक हलका, दुर्मीळ प्रकार; त्याचे अणू दुसऱ्या अणूंशी जुळवून (फ्यूजन) वीज काढायची, ही कल्पना. पण ‘पडलाय’ इथेच घोळ आहे. सूर्याकडून येणारे कण कोट्यवधी वर्षं चंद्रावर आदळत राहिले, त्यातले थोडे मातीत मुरले. अपोलोने आणलेल्या मातीत हे प्रमाण भरलं अब्जात काही भाग. दहा धरू, हातचं न राखता. तरी एका किलोला एक लाख टन माती उपसायची, ७०० अंशांच्या आसपास तापवायची आणि निघालेल्या वायूंतून हा निवडून काढायचा. २५ टनांना २५० कोटी टन! आपल्याकडे २०२४-२५ मध्ये विक्रमी कोळसा निघाला तो साधारण १०० कोटी टन. त्यालाही खाणी, डंपर, डिझेल, रेल्वे सगळं हाताशी होतं. चंद्रावर पंक्चर काढणाराही नाही.

आणि माती तापवायला वीज कुठली? मेसेज इथे गप्प. चंद्रावर रात्र दोन आठवड्यांची. चांद्रयान-३ चा लँडर विक्रम २३ ऑगस्ट २०२३ ला उतरला तो तिथल्या सकाळी. सप्टेंबरच्या सुरुवातीला बॅटरी भरून त्याला झोपवलं. २२ तारखेला ऊन आल्यावर इस्रोने हाका मारल्या, उत्तर नाही. त्या थंडीसाठी तो बनवलेलाच नव्हता. नासाने तिथल्यासाठी ज्या छोट्या अणुभट्टीवर काम सुरू केलं ती ४० किलोवॉटची, म्हणजे दहा एचपीच्या पाच पिठाच्या गिरण्या चालतील एवढी.

‘किरणोत्सर्ग शून्य’ हेही अर्धवट. हेलियम-३ ला जोडीला ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, लागतं, आणि त्याचे अणू आपापसांतही जुळून न्यूट्रॉन सोडतात, म्हणजे किरणोत्सर्ग आलाच. शिवाय हे अणू जुळवून वीज देणारी भट्टी आहे कुठे? याहून सोप्या इंधनावर अमेरिकेतल्या लेसर प्रयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये २.०५ मेगाज्यूल घालून ३.१५ काढले, पण लेसरनी मेन लाइनमधून ओढले होते ३०० च्या आसपास.

चांद्रयान-३ वर हेलियम-३ मोजणारं उपकरणच नव्हतं. त्याच्या प्रज्ञान या रोव्हरने गंधक शोधलं, विक्रमने मातीचं तापमान आणि हादरे मोजले.

मामांचं एक मात्र खरं: हेलियम-३ महाग आहे. क्वांटम संगणक थंड ठेवायला, न्यूट्रॉन पकडायला तो लागतो. उद्या कुणी थोडा आणलाही, तर वीजबिल भरण्यासाठी नाही. तिथला माल तिथेच वापरायचा तर ध्रुवाकडच्या सावलीतला बर्फ आहे, आणि मातीतला ऑक्सिजन, वजनाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त. चंद्रावरच्या पाण्याच्या खुणा चांद्रयान-१ ने टिपल्या, २००९ मध्ये जाहीर झाल्या. तिरंगे तिथे लावा ना, मामा.