होड्या त्यांच्या, घाम आमचा

सेलिंग क्लबात राहून खरोखर सेलिंग करायचं असेल तर एकच पथ्य पाळावं: वार्षिक सभेला जाऊ नये. जाणं टाळता आलंच नाही, तर चहा-वडा घेऊन सटकावं. ‘नवीन कार्यकारिणी’ हा विषय चहानंतरच निघतो. तो निघाला की सगळे सभासद आपापल्या चपलांचं निरीक्षण करू लागतात, आणि ज्याची मान आधी वर होते तो सेक्रेटरी होतो. त्या दिवशी त्याची होडी शेडमध्ये पालथी पडते, ती त्याची मुदत संपेपर्यंत.

पदांची नावं मात्र भारदस्त. कमोडोर, व्हाइस कमोडोर, रेअर कमोडोर. ऐकणाऱ्याला वाटतं, यांच्या हाताखाली दोन-चार युद्धनौका असणार. प्रत्यक्षात असतात डझनभर ऑप्टिमिस्ट, म्हणजे पोरांच्या एकेकट्याने चालवायच्या चिमुकल्या शिडाच्या होड्या, त्यांहून मोठ्या पाच-सहा लेझर (अधिकृत नाव आता इल्का झालंय, पण ते अजून शेडपर्यंत पोचलेलं नाही), एक रबरी बोट आणि तिचं लहरी इंजिन. आणि पहिलं काम तर पाण्यातलं नसतंच. सभेनंतर चौदा दिवसांत नव्या कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे पोचती करायची असते. संस्था नोंदणीचा कायदा १८६० चा, ऑप्टिमिस्ट होडी १९४७ ची. थोरल्याचा मान आधी.

रविवारची रेस शनिवारीच सुरू होते. मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक काढायचं, भांग आहे (पाणी कमी चढतं-उतरतं) की उधाण (जास्त) ते बघायचं आणि पेट्रोल आणायचं. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलात तेल मिसळावं लागतं, पन्नासास एक. म्हणजे वीस लिटरला चारशे मिली. हिशेब सोपा आहे, अवघड असतो तो शेडमधल्या कॅनचा इतिहास. ‘यात तेल घातलंय का?’ या प्रश्नाला क्लबात तीन उत्तरं मिळतात: ‘घातलंय’, ‘घातलं असेल’ आणि ‘मी घालू का?’ तेल नसेल तर पिस्टन जाम. तिघांनीही घातलं असेल तर प्लग काळे आणि मागे धुराचा लोट. टू-स्ट्रोक तेलात बहुधा रंग असतो, त्यामुळे थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरलं की कळतं. पण त्याहून बरं म्हणजे मिसळल्या मिसळल्या कॅनवर चिकटपट्टी लावून तारीख लिहावी. ज्या कॅनवर पट्टी नाही त्याला हात लावू नये.

एवढं करूनही रबरी बोट पाण्यात चार-पाच मिनिटं झकास चालते आणि बंद पडते. बोटीतले तिघेही तत्क्षणी मेकॅनिक होतात. एक दोरी ओढतो, एक वरचं झाकण काढतो, तिसरा प्लग पुसून त्यात फुंकर मारतो. या वेळी टाकीच्या नळीवरच्या रबरी पंपाकडे बघावं. तो चपटा होऊन बसला असेल आणि फुगत नसेल, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिलाय. हवा आत येत नाही, म्हणून पेट्रोल बाहेर येत नाही. हे शोधायला दहा सेकंद पुरतात, पण माणसाच्या स्वभावानुसार आधी अर्धा तास प्लग पुसावा लागतो. दुसरी तपासणी मागच्या बारीक धारेची. इंजिन थंड करणारं पाणी तिथून उडताना दिसलं पाहिजे. धार थांबली तर पाणी ओढायच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी बसलीय, किंवा उथळ पाण्यात गाडी रेटल्यामुळे वाळूने आतला इंपेलर, म्हणजे पाणी ओढणारा रबरी पंखा, खाल्लाय. पिशवी असेल तर नशीब समजावं.

आता वारा. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे यांवर दोन मार्कांचा प्रश्न यायचा. ज्यांनी तो ऑप्शनला टाकला ते पुढे क्लबांचे सेक्रेटरी झाले आणि सकाळी साडेनऊची रेस लावू लागले. पावसाळा सरला की गोव्याच्या किनाऱ्यावर पहाटेपासून जमिनीकडचा मतलई वारा असतो. ऊन तापायला लागलं की तो गळतो. मग दोनापावलासमोर झुआरी नदीचं पाणी तेल ओतल्यासारखं पडून राहतं आणि बारा पोरं बारा होड्यांत बसून ओरडत राहतात, “अंकल, वारो खंय?” माध्यान्हीच्या आसपास पश्चिमेकडून खारा वारा उठतो आणि दुपारी चांगला जोर धरतो. म्हणजे पहिली रेस साडेबाराच्या आत लावण्यात काहीच अर्थ नाही. तरी लागते. पालकांना दुपारी जेवायला घर गाठायचं असतं, आणि रविवारी घरी मासे असतात.

वारा नसताना लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा ‘एपी’ झेंडा दोन भोंग्यांनी वर करतात. अर्थ: रेस पुढे ढकलली. तो एका भोंग्याने खाली आला की बरोबर एका मिनिटाने पहिली सूचना होते. तो वर असण्याचा काळ हाच सेक्रेटरीला जेवायला मिळणारा काळ.

बोये, म्हणजे होड्यांनी वळसा घालायच्या तरंगत्या खुणा, टाकणं हे काम लांबून फार रम्य दिसतं. उधाणाच्या दिवशी इथे पाणी दोनेक मीटर वर-खाली होतं. ओहोटीला पाच मीटर पाण्यात सहा मीटर दोराने नांगर टाकला, की भरतीला बोया नांगर उचलून घेतो आणि आगेमागे न बघता निघतो. दोर खोलीच्या निदान तिप्पट हवा, आणि नांगराला दोन मीटर साखळी, म्हणजे नांगर चिखलात आडवा पडून रुततो. पण तिप्पट दोर ओहोटीला पाण्यावर पसरतो आणि तिथे होड्यांचे डॅगरबोर्ड, म्हणजे तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळ्या, अडकतात. बोया वळताना होडी जागच्या जागी थांबते आणि आतला मुलगा पुढे जातो. उपाय असा, की बोयाखाली दोनेक मीटरवर दोराला दोन किलोचं वजन बांधावं. दोर सरळ खाली उतरतो, फालतू लांबी तळाशी पडते. वजन म्हणून वीट बांधू नये. ती सोडून नेणाऱ्याला तिचा बांधकामात उपयोग असतो.

सुरुवातीची रेषा आखणं हे त्याहून नाजूक. एक टोक आमची कमिटी बोट, जिच्यावरून आम्ही रेस चालवतो, दुसरं टोक बोया. ऑप्टिमिस्टची लांबी सुमारे २.३ मीटर. बारा होड्या म्हणजे अठ्ठावीस मीटर, त्याच्या दीडपट धरली तर रेषा चाळीसेक मीटर. ती वाऱ्याशी काटकोनात हवी. वारा २८० अंशांवरून येत असेल तर कमिटी बोटीवरून बोया १९० वर दिसला पाहिजे. जाणते लोक तो १९५ वर ठेवतात, म्हणजे बोयाचं टोक वाऱ्याकडे किंचित पुढे जातं आणि काही होड्या तिकडे वळतात. हाच बोया चुकून १८५ वर गेला, की बाराच्या बारा होड्यांना कमिटी बोटीशेजारचीच जागा हवी असते. मग आम्ही शिट्ट्या मारत, हातांनी होड्या ढकलत, पोरांच्या डोक्यावरून फिरणाऱ्या बूम (शिडाच्या खालच्या आडव्या काठ्या) चुकवत काटकोनाचं महत्त्व नव्याने शिकतो.

मग पाच मिनिटं. कागदावर या कामाला चार माणसं लागतात: घड्याळ, झेंडे, भोंगा आणि रेषेवर नजर. प्रत्यक्षात दोन येतात, त्यातल्या एकाला बोट लागते. पाच मिनिटं उरली की वर्गाचा, म्हणजे होडीच्या प्रकाराचा, झेंडा वर. चार मिनिटांना तयारीचा, साधारणपणे ‘पी’, निळ्यात पांढरा चौकोन. एक मिनिट राहिलं की तो खाली, लांब भोंग्यासह. शून्याला वर्गाचा झेंडा खाली. वेळ झेंड्यावरून धरायची, भोंगा वाजला नाही तरी बिघडत नाही, असं नियमांतच लिहिलंय. ज्याने लिहिलं त्याला खाऱ्या हवेत ठेवलेल्या गॅसच्या भोंग्याचा परिचय असणार. तो ऐन शून्याला फक्त ‘फुस्स’ म्हणतो. पोरं झेंड्याकडे बघत नाहीत, ती भोंग्याच्या आशेवर असतात, आणि पालक किनाऱ्यावरून ओरडतात, “अरे, सुरू झाली, सुरू झाली!”

त्यात ओहोटी असेल तर विचारूच नका. ओहोटीचं पाणी समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेला जातं, आणि खारा वारा पश्चिमेकडूनच येतो. होड्यांना वाऱ्याकडेच जायचं असतं, त्यामुळे पाणी त्यांना मागून ढकलून वेळेआधीच रेषेपलीकडे नेऊन सोडतं. एक-दोन होड्या पुढे गेल्या तर ‘एक्स’ झेंडा आणि एक भोंगा. त्यांनी मागे येऊन पुन्हा सुरुवात करायची. सगळाच ताफा गेला, कोण आधी गेलं ते कळेना, तर निळ्या काठाचा पिवळा त्रिकोण आणि दोन भोंगे: सगळे परत, पहिल्यापासून. दोनदा असं झालं की पुढच्या वेळी तयारीला ‘यू’ झेंडा लावतात. शेवटच्या मिनिटात जो पुढे दिसला तो सुनावणीशिवाय बाद, पण सुरुवात पुन्हा झाली तर त्याला माफी. त्यापुढचा काळा झेंडा. त्यात माफी नाही. लहान मुलांच्या रेसला काळा झेंडा लावू नये असं माझं मत आहे. मुलं एका रेसला मुकतात, सेक्रेटरी मात्र लग्नकार्यांच्या आमंत्रणांना मुकतो.

भरतीला बरोबर उलटं. भोंगा वाजतो आणि रेषेवर कोणीच नसतं.

मधूनच कोणीतरी सभासद नौदलाच्या तारिणी या शिडाच्या नौकेची आठवण काढतो. गोव्यातल्याच दिवाडी बेटावर बांधलेली तारिणी १० सप्टेंबर २०१७ ला वेरें इथून सहा महिला नौदल अधिकाऱ्यांसह निघाली आणि जगाला वळसा घालून २१ मे २०१८ ला परत आली. “आणि आपल्याला तीन बोयांना वळसा घालायला चार तास?” प्रश्न रास्त आहे. पण सुटताना तारिणीच्या डाव्या-उजव्या अंगाला आणखी अकरा तारिणी घासत नव्हत्या.

रेस संपली की खरी रेस सुरू होते, तिचं नाव प्रोटेस्ट. डाव्या बाजूने वारा घेणाऱ्या होडीने उजवीकडून वारा घेणारीला वाट द्यायची, हे सगळ्यांना पाठ असतं. धक्का लागला तेव्हा वारा कुठल्या बाजूने होता, हे मात्र दोन मुलांचं दोन असतं. तक्रारदाराने पहिल्या वाजवी संधीला ‘प्रोटेस्ट’ असं ओरडून सांगायला हवं. होडी सहा मीटरच्या आतली असल्यामुळे लाल झेंडा लावावा लागत नाही. शिव्या दिल्या तर त्या धरत नाहीत, तो शब्दच हवा. मग लेखी अर्ज, ठरलेल्या मुदतीत. मुदत संपायला दोन मिनिटं असताना पेन मागायला येतो तोच तक्रारदार.

सुनावणी भाजी-पावच्या टेबलावर होते. बोया म्हणून कोकम सरबताचा ग्लास मांडतात, होड्या म्हणून दोन मिरची भजी. देठ म्हणजे नाक.

“मी इथे होतो,” पहिला भजं सरकवतो.

“खोटं, अंकल! हा तीन होड्यांच्या आत आला तेव्हा माझं नाक त्याच्या मागच्या टोकाच्या पुढे होतं.”

इथे ‘तीन होड्यांच्या आत’ हे महत्त्वाचं. बोयाभोवती तीन होड्यांच्या लांबीचं वर्तुळ धरतात. ऑप्टिमिस्टला ते सात मीटर झालं. त्यात शिरताना दोन होड्या शेजारी-शेजारी असतील तर बाहेरचीने आतलीला वळायला जागा द्यायची. कोण कुठे होतं, याच्यासाठी साक्षीदार बोलावतात. साक्षीदार तिसरा आलेला मुलगा असतो. दोघंही बाद झाले तर तो पहिला येणार असतो, त्यामुळे त्याला दोघांच्याही चुका स्पष्ट दिसलेल्या असतात. तेवढ्यात एक होडी कोणीतरी खातं.

दारात पालक उभे असतात. त्यांनी हे जाणून असावं की २०१७ पासून पालकही नियमांत येतात. ते गैर वागले तर मुलाच्या होडीला दंड होऊ शकतो. ही ओळ सूचना फलकावर मोठ्या अक्षरांत लावल्यावर आमच्याकडे दारातली गर्दी दोन पावलं मागे सरकते. मुलं ती ओळ वडिलांना मोठ्याने वाचून दाखवतात.

संध्याकाळी गोड्या पाण्याने होड्या धुणं, इंजिनात गोडं पाणी फिरवणं, शिडं वाळवून गुंडाळणं. घडी घालायची नाही, घडीवर कापड मरतं. ओलं शीड पिशवीत कोंबून गेलेला सभासद कोण, हे पुढच्या रविवारी वासावरून कळतं. लेझरच्या डोलकाठीच्या भोकात पाणी ओतून ठेवावं. अर्ध्या तासात पातळी उतरली तर तळाला भेग आहे, आणि ती वाऱ्यात डोलकाठीसकट उघडणार. वाळू तिथे साठून काठी फिरताना कानशीसारखी घासते, म्हणून भोक प्रत्येक वेळी धुवायचं. हे सगळं करायला सूर्यास्ताच्या वेळी दोघंच उरतात. बाकीच्यांच्या घरी पाहुणे आलेले असतात, दर रविवारी.

राहिला निकाल. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन. बारा होड्यांच्या मालिकेत जो पोचलाच नाही त्याला तेरा. ज्याचे गुण सगळ्यांत कमी, तो जिंकला, आणि प्रत्येकाची सगळ्यांत वाईट रेस सोडून द्यायची. बक्षीस समारंभाला येणाऱ्या पाहुण्यांना हे समजावून सांगण्यात वेळ घालवू नये. ते माइकवरून सर्वाधिक गुणांचं कौतुक करतात आणि दोनदा उलटलेलं पोर टाळ्यांच्या गजरात उभं राहतं. पाहुण्यांच्या हातात द्यायच्या कागदावरून गुणांचा रकाना कापून टाकावा आणि फक्त तीन नावं ठेवावीत, तिसरं आधी, पहिलं शेवटी. कात्री इंजिनाच्या हत्यारांच्या डब्यात सापडेल. तिला गंज चढलेला असतो, पण कागदापुरती चालते.